माग

हियुमा बेट, कार्डला गाव, नोव्हेंबर.
ग्रंथालयात तीन वाजताच दिवे लागले होते.
हेल्यू पडद्यासमोर बसली. वय चौऱ्याहत्तर,
हयात सगळी लोकरीच्या गिरणीत गेलेली.
मी तिच्या खांद्यामागे, मांडीवर वही
आणि तोंडाला कुलूप.
आमच्या धंद्यात बघणाऱ्यानं बोलायचं नसतं.

"शुक्रवारी पलीकडे जायचंय, मोटार घेऊन.
बोटीचं तिकीट काढा," एवढंच सांगितलं होतं.

पान उघडलं. लाट आली.
आठ आठवडे राबलो होतो आम्ही त्या लाटेवर.
फुटायची, ओसरायची, पुन्हा फुटायची.
हेल्यू बघत राहिली. छान आहे, म्हणाली.
मग जरा वेळानं,
"पण बोट कुठंय?"

बोट खाली होती. खूप खाली.
पांढऱ्यावर राखाडी अक्षरांत होती.
तो रंग मीच निवडलेला,
धुक्याचा म्हणून बैठकीत मिरवलेला.
तिनं चष्मा काढला, काचांवर हा: केलं,
स्वेटरच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला.
धुकं काचेवर नव्हतं.

'पुढे'चं बटण तिला नक्षी वाटली.
आणि एक नुसतीच नक्षी होती, ती बटण समजून
चार वेळा दाबत राहिली,
घरात कुणी नसताना कडी वाजवावी तशी.
मी वहीत काहीतरी शहाणपणाचं लिहिलं
आणि खोडलं.

तारीख चुकली. तिनं 'मागे' दाबलं.
सगळं गेलं. नाव, आडनाव,
एका बोटानं शोधून शोधून भरलेला
मोटारीचा नंबर.
मी वाट बघत होते ती चिडेल याची.
"माफ कर हं पोरी," ती म्हणाली,
"मला हे असलं जमत नाही."

चोर सोडून संन्याशाला सुळी, ऐकलं होतं.
इथं संन्यासी आपल्या पायांनी
सुळाकडे निघालेला, वर चोराची माफी मागत.

पुन्हा पहिल्यापासून भरता भरता सांगू लागली.
गिरणीत नवी पोर आली की धागा तुटायचाच.
तुटला की माग आपोआप थांबायचा.
तुटल्या जागी गाठ मारायची, पुढे विणायचं.
"अख्खं कापड उसवायला
कुणी नाही लावलं कधी."
हे मात्र मी शब्दशः उतरवून घेतलं.

मग यादी आली. मोटार, ट्रक, सायकल, कुत्रा.
तिथं ती थबकली.
येताना बहिणीचा माग आणायचाय, म्हणाली,
सुटा करून, शेजाऱ्याच्या ट्रेलरवर.
बहीण नाही आता. माग आहे.
"त्याला काय म्हणू इथं?"
मी गप्प. नेमच तसा.
बराच विचार करून तिनं 'कुत्रा' निवडला.
त्यातल्या त्यात जवळचं, म्हणाली.

परतीच्या बोटीत कामाला लागले.
लाट आधी काढली.
खिडकीबाहेर होतीच, काळी, फुकट.
वेळापत्रक उचलून उंबऱ्यावर आणलं.
अक्षरं राईच्या पावाइतकी काळी केली.
'मागे' गेलं तरी लिहिलेलं
जागच्या जागी राहील, असं करता करता
दोन रात्री गेल्या.
इंद्रेक म्हणाला, फारच साधं दिसतंय गं,
कंपनी पैसे कशाचे देईल?
बोटीचे, मी म्हटलं.

यादीच्या तळाशी एक रिकामी चौकट ठेवली:
वर नसेल ते इथं, तुमच्या शब्दांत.
इंद्रेक कुरकुरला,
रिकाम्या चौकटीत लोक काहीही लिहितात.

लिहितात.
फेब्रुवारीत, सकाळच्या पहिल्या फेरीसाठी
कुणीतरी लिहिलं,
"मधमाश्यांच्या दोन पेट्या. झोपल्यात.
चढवताना हळू."

भाडं किती लावायचं
ते अजून ठरलेलं नाही.